पडली की पाडली

"ओ आजोबा, शिकताय काय अजून?"

मागच्या रिक्षावाल्याने डोकं बाहेर काढून हे विचारलं तेव्हा सिग्नल हिरवा होऊन चार-पाच सेकंद झाले होते. आमची नवीकोरी गाडी सांगली-मिरज रस्त्यावर सगळ्यांच्या पुढे उभी होती आणि तिचं इंजिन बंद होतं. आप्पांनी किल्ली मागे घेतली, पुन्हा फिरवली, गाडी सुरू झाली आणि आम्ही निघालो. दसऱ्याला बॉनेटवर घातलेला झेंडूचा हार अजून सुकलाही नव्हता.

"बंद पडली का?" मी विचारलं.

आप्पा काही बोलले नाहीत. त्यांचा कान तेवढा लाल झाला होता.

त्यांचं गप्प बसणं मला खटकलं, कारण या प्रश्नाचं एक ठरलेलं उत्तर आमच्या घरात होतं. आप्पा म्हणजे माझे वडील, भाऊसाहेब मगदूम. एसटीत बत्तीस वर्षं ड्रायव्हर. पंचवीस वर्षं विनाअपघात गाडी चालवल्याचा बिल्ला मिळालेला, तो ते निवृत्तीनंतरही पाकिटात घेऊन फिरायचे. नवीन भरती झालेले ड्रायव्हर डेपोत त्यांच्या हाताखाली द्यायचे. त्यातला एखादा घाबरून "मगदूम मामा, गाडी बंद पडली" म्हणाला की आप्पा म्हणायचे, "पडली न्हाई, पाडलीस. गाडी सोताहून बंद पडत नसती." घरीही तेच. माझ्या हातून कप फुटला आणि मी "कप पडला" म्हटलं, की आतल्या खोलीतून आवाज यायचा, "पडला न्हाई, पाडलास." मराठी व्याकरणातलं प्रयोजक क्रियापद मी शाळेत जायच्या आधीच शिकले होते.

मी स्वतः पुढे शिक्षिका झाले. लग्न केलं नाही. का ते या गोष्टीत येत नाही. आई गेल्यावर आप्पा माझ्याकडे सांगलीत विश्रामबागला राहायला आले. मिरजेपलीकडच्या एका गावातल्या हायस्कूलची मी मुख्याध्यापिका झाले, तेव्हा रोज दोन बस बदलून जाणं जमेना म्हणून गाडी घेतली. मला चालवता येत नव्हती. आप्पा एकोणसत्तर वर्षांचे, पण ताठ. "मी हाय की," एवढंच म्हणाले आणि शोरूममध्ये जायच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून तासभर आधी तयार होऊन बसले. जानेवारीत त्यांचं लायसन संपत होतं. नूतनीकरणासाठी त्यांनी फोटोही काढून आणले होते, पाकिटात घालून कपाटात ठेवले होते.

आता माझ्याबद्दल एक सांगायला हवं. दहावीच्या परीक्षेला कॉपी पकडणाऱ्या भरारी पथकात मी अकरा वर्षं होते. चिठ्ठ्या मी चपलेच्या तळव्यातून काढल्यात, बांगडीच्या आतून काढल्यात, एकदा तर डब्यातल्या पोळीच्या घडीतून काढलीय. माणूस खरं बोलतोय असं धरून चालायची मला सवयच राहिली नव्हती. आधी संशय घ्यायचा, मग बघायचं.

तर आप्पा रोज मला शाळेत न्यायचे, सुटेपर्यंत तिथेच थांबायचे आणि बरोबरच परत आणायचे. दुसऱ्या दिवशी गाडी दोनदा बंद पडली. तिसऱ्या दिवशी तीनदा, त्यातली एक मिरजेच्या मुख्य चौकात. मी माझ्या टाचणवहीच्या शेवटच्या पानावर टिपण ठेवायला लागले: तारीख, ठिकाण, किती वेळा. आप्पांना दिसू नये म्हणून वही पर्सखाली धरून लिहायची. त्यांनी पाहिलं नसेल असं मला वाटायचं. बत्तीस वर्षं आरशात बघून गाडी चालवलेल्या माणसाला शेजारची बाई काय करतेय ते दिसत नाही, असं समजण्याइतकी मी हुशार होते!

त्या आठवड्यात आप्पा आपण होऊन बोलले.

"शालन, एक गोष्ट ध्यानात आली का तुझ्या? धक्का बसत न्हाई."

"कसला धक्का?"

"पाडली की गाडी आचका देती. फुडं ढकलल्यासारखं होतं माणसाला. ही आचका देत न्हाई, गप बसती. निजल्यागत. आणि तवा एक हिरवा दिवा लागतो हितं, इंग्रजी ए काढल्यासारखा."

मी वाकून बघितलं. गाडी तेव्हा चालू होती आणि तिथे कुठलाही हिरवा दिवा नव्हता.

"आणि काल तर मी किल्लीला हात लावायच्या आत सुरू झाली," आप्पा म्हणाले.

"आपोआप?"

"व्हय. आपोआप."

मी मान हलवली. वर्गात पकडलेली पोरंही असंच सांगतात: बाई, चिठ्ठी वाऱ्याने उडून माझ्या बाकावर आली. पण हा माझा बाप होता. खोटं बोलणारा नव्हता. मग मला दुसरीच भीती वाटायला लागली. आमच्या शाळेतल्या जुन्या शिपायाचं असंच सुरू झालं होतं. न लागलेले दिवे दिसायचे, न वाजलेली घंटा ऐकू यायची. वर्षभरात त्याला स्वतःचं घर ओळखता येईना.

दिवाळीत माझा भाऊ जयसिंग पुण्याहून आला. मी त्याला मुद्दाम गाडी चालवायला दिली. आप्पा त्याच्या शेजारी, मी मागे. मिरजेला जाऊन आलो, सहा सिग्नल लागले. गाडी एकदाही बंद पडली नाही. आप्पा पूर्ण वेळ जयसिंगाच्या पायांकडे बघत होते.

"पाय काढ क्लचवरनं," ते एका सिग्नलला म्हणाले. "उभी ऱ्हायली की न्यूट्रल करायची आणि डावा पाय खाली ठेवायचा. किती डाव सांगितलंय?"

"आप्पा, ही एसटी नाही," जयसिंग हसला. "सिग्नल सुटला की लगेच निघता यायला हवं. आणि हे बघा, बंद पडली का एकदा तरी?"

आप्पा खिडकीबाहेर बघायला लागले.

संध्याकाळी जयसिंग स्वयंपाकघरात आला आणि आवाज खाली करून म्हणाला, "शालन, स्पष्ट बोलू का? गाडी चांगली आहे. जानेवारीत लायसन संपतंय ना, संपू दे. रिन्यू करायच्या भानगडीत पडू नकोस."

"त्यांना सांगायचं कुणी?"

"तू सांग. तुझं ऐकतात."

मी सांगणार नव्हते. एवढा धीर माझ्यात नव्हता. मी शोरूमला फोन केला. तिथल्या मुलीने गाडीचा नंबर घेतला आणि विचारलं, "कधी बंद पडते मॅडम?"

"सिग्नलला. माझा भाऊ चालवतो तेव्हा पडत नाही. वडील चालवतात तेव्हाच पडते."

"वडिलांचं वय काय?"

"एकोणसत्तर."

"मग मॅडम," ती अगदी गोड आवाजात म्हणाली, "गाडीत काही नसेल."

तिने आणखी एकही प्रश्न विचारला नाही आणि मीही विचारला नाही. पुरावा पुरेसा झाला असं मला वाटलं.

मग डिसेंबरात एक नवीनच प्रकार सुरू झाला. आप्पा सकाळी साडेसहाला "देवळात जाऊन येतो" म्हणून निघायचे आणि पाऊण तासाने यायचे. देऊळ आमच्या गल्लीच्या तोंडाशी, चालत तीन मिनिटांवर. गाडी मात्र अंगणात नसायची. ते परत आल्यावर मी किलोमीटरचा आकडा बघितला. रोज दोन-अडीच वाढलेला. देव एवढा लांब राहायला कधी गेला?

चौथ्या दिवशी मी शाल पांघरून चालत मागे गेले. गाडी कुठे जाणार याचा मला अंदाज होता. आमच्या घरामागे एक मोकळं मैदान आहे, तिथे ड्रायव्हिंग शिकवतात. सकाळी तिथे कुणी नव्हतं. आमची गाडी तेवढी होती. मी लिंबाच्या झाडाआड उभी राहिले, अगदी भरारी पथकासारखी.

गाडी दहा पावलं पुढे यायची आणि थांबायची. पुन्हा पुढे, पुन्हा थांबायची. प्रत्येक वेळी आप्पा मान खाली घालून आपल्या डाव्या पायाकडे बघायचे. अधेमधे गाडी तशीच चालू ठेवून बसून राहायचे, काच खाली करून कान देऊन ऐकायचे. एकदाही ती बंद पडली नाही. ज्या माणसाने दोन पिढ्यांना गाडी शिकवली, तो थंडीत एकटा पहिल्यापासून शिकत होता. पुढे होऊन त्यांना माझी शाल द्यावी असं वाटलं. पण खरं सांगते, त्याच वेळी मनात हेही आलं की बघा, यांना स्वतःलाच खात्री राहिलेली नाही.

मी झाडाआडून बाहेर आले. आप्पा दचकले नाहीत.

"ये," ते म्हणाले. "बस."

मी बसले.

"रोज धा-बारा डाव उभी करतो," समोर बघत ते म्हणाले. "एकदा पण बंद हुईत न्हाई. जयसिंगानं चालीवली, तवा पण झाली न्हाई. तू शाळंला जाताना माझ्या शेजारी बसतीस, तवाच हुती."

"माझं दडपण येतं का तुम्हाला?"

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं, बराच वेळ. त्या नजरेचा अर्थ मला लागला नाही. मला वाटलं, लाज वाटत असेल.

"दडपण कशाचं?" ते म्हणाले. "चल, दूध घिऊन जाऊ."

दूध केंद्र जवळ होतं, पण तिथे रस्ता खणलेला म्हणून आम्हाला मोठा वळसा पडला. परतताना शेवटच्या सिग्नलला आप्पांनी गाडी थांबवली, न्यूट्रल केली, पाय खाली ठेवला. आणि इंजिन बंद झालं. मैदानावर पाऊण तास न झालेली गोष्ट, मी बसल्यावर पंधरा मिनिटांत झाली. आप्पा हलले नाहीत. मागे हॉर्न वाजला तेव्हा त्यांनी किल्ली फिरवली आणि आम्ही घरी आलो. अंगणात गाडी लावून त्यांनी किल्ली काढली आणि माझ्या हातात ठेवली.

"घे. तुझी गाडी हाय, तू शीक."

"आप्पा, म्हणजे लायसन..."

"ऱ्हाऊ दे आता."

एवढंच. रडारड नाही, भांडण नाही. मी सुटकेचा श्वास टाकला आणि तो टाकल्याची मला आजही लाज वाटते. जानेवारीत लायसन संपलं. फोटोंचं पाकीट कपाटात तसंच राहिलं.

मी क्लास लावून गाडी शिकले. शिकवणाऱ्याने सांगितलं होतं, "मॅडम, सिग्नलला फर्स्ट टाकूनच ठेवायची, क्लच सोडायचा नाही, म्हणजे फजिती होत नाही." जून महिन्यात शाळा उघडली तेव्हा मी स्वतः गाडी घेऊन गेले. गाडी एकदाही बंद पडली नाही. जे काही मनात किंतु उरले होते तेही गेले.

आप्पा माझ्या गाडीत बसेनात. कुठे जायचं झालं तर सिटी बसने जायचे, मग तेही कमी झालं. व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचे. गुडघा धरला, चालणं उणावलं. पाकिटातला बिल्ला त्यांनी देवघरातल्या फळीवर ठेवून दिला. मी विचारलं, "आप्पा, बरं नाही का?" तर म्हणायचे, "बरं हाय की." आमच्यात बोलणं होतं, पण ते जेवण, औषध आणि दूधवाला एवढ्यावर येऊन थांबलं होतं.

सप्टेंबरातली गोष्ट. शाळेतून येताना रेल्वेचं फाटक बंद झालं. मालगाडी होती, ती संपता संपेना. क्लच दाबून दाबून माझ्या डाव्या पोटरीत गोळा आला. कुणीतरी कानाशी म्हटल्यासारखं आठवलं: न्यूट्रल करायची आणि डावा पाय खाली ठेवायचा. मी न्यूट्रल केली. पाय खाली ठेवला.

इंजिन बंद झालं.

आचका नाही, धक्का नाही. गप बसली, निजल्यागत. आणि समोर एक हिरवा दिवा लागला. ए काढल्यासारखा.

घाबरून मी क्लच दाबला, किल्लीकडे हात नेला. हात पोचायच्या आत गाडी सुरू झाली. मी पुन्हा पाय काढला. बंद. पुन्हा दाबला. सुरू. तिसऱ्यांदा केलं तेव्हा मला हिरवा दिवा नीट दिसेनासा झाला होता, डोळ्यांत पाणी आल्यामुळे.

समोरचा कप्पा उघडला. गाडीबरोबर आलेलं माहितीचं पुस्तक तिथे होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत, चिकटपट्टीसुद्धा न काढलेलं. काखेत कळसा म्हणतात तो हाच. दरवर्षी परीक्षेच्या आधी प्रत्येक वर्गावर जाऊन मी सांगत आले, बाळांनो, आधी सूचना वाचा. ती पट्टी मी दातांनी फाडली.

त्यात सगळं सरळ लिहिलं होतं. गाडी उभी राहिली, न्यूट्रल केली आणि क्लचवरून पाय काढला की इंधन वाचावं म्हणून इंजिन आपोआप बंद होतं. क्लच दाबला की आपोआप सुरू होतं. गाडी सलग काही अंतर धावून इंजिन पुरेसं तापलेलं नसेल तर हे होत नाही. नको असेल तर बंद करायला एक बटणही होतं, माझ्या हाताशीच.

इंजिन तापलेलं नसेल तर होत नाही. म्हणून घरामागच्या मैदानावर, दहा-दहा पावलं चालवताना, झालं नाही. शाळेच्या लांबच्या रस्त्यावर व्हायचं. आणि जयसिंगाच्या, माझ्या हातात व्हायचंच नाही, कारण आम्ही दोघं क्लचवर पाय ठेवून बसणारे. ती गाडी फक्त नीट चालवणाऱ्याच्या हातात बंद व्हायची.

फाटक उघडलं. मागून हॉर्न सुरू झाले. "ओ मॅडम, झोपलाय काय?" कुणीतरी ओरडलं.

घरी आले तेव्हा आप्पा व्हरांड्यात होते, गुडघ्यावर तेल चोळत. मी चप्पलही न काढता त्यांच्यासमोर खाली बसले आणि सगळं सांगितलं. पुस्तकातलं पान मराठी करून वाचून दाखवलं. ते हात थांबवून ऐकत होते.

"म्हंजी ते कंपनीतनंच बसवून आलेलं हाय?" त्यांनी विचारलं.

"हो, आप्पा. पहिल्या दिवसापासून."

"तू न्हाई बसवून घेतलंस?"

मला कळेचना. "मी? मी कशाला बसवेन?"

आप्पांनी तेलाची वाटी बाजूला सरकवली. ते माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

"मी पाडत न्हाई हे मला ठावं हुतं. बत्तीस वर्सं झाली, पायाला कळतं. धक्काच न्हाई तर पाडली कशी? मग म्हटलं, कुणीतरी बंद करतंय. एकटा असलो की हुईत न्हाई, जयसिंगाला हुईत न्हाई, तू शेजारी असलीस की हुतंय. तू वहीत लिवत पण हुतीस, पर्सखाली धरून. मला वाटलं, पोरीनं कुठंतरी बटण बसवून घेतलंय. म्हाताऱ्यानं आता गाडी सोडावी, पण तोंडावर सांगवंना, म्हणून."

"आणि तुम्ही मला एका शब्दाने विचारलं नाहीत?"

"विचारून काय? तुझी इच्छा तशी हाय म्हटल्यावर सोडली."

मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं आणि मोठ्याने रडले. अकरा वर्षं मी जगाची झडती घेत फिरले आणि घरात माझा बाप माझ्यावर असला संशय मनात धरून जगत होता. त्याहून वाईट हे, की माझ्या वागण्यात त्याला तो संशय खोटा ठरवणारं काहीच सापडलं नव्हतं. आणि तरी त्याने किल्ली मुकाट्याने काढून दिली होती.

"ऊठ," ते म्हणाले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तेलाचाच. "उगं रडतीस. चल, मला दाव तो दिवा."

लायसन नव्हतं, म्हणून गाडी अंगणातच. मी म्हटलं, "उद्याच जाऊन अर्ज भरू, फोटो तयारच आहेत." आप्पा ड्रायव्हरच्या जागी बसले. सीट मागे घेतली, आरसा आपल्याला हवा तसा केला. चेहऱ्यावर पुन्हा तो इस्त्रीच्या शर्टाचा दिवस आला होता. मी शाळेतून नुकतीच आलेली, इंजिन तापलेलंच होतं. त्यांनी गाडी सुरू केली, पाय काढला. बंद झाली, हिरवा दिवा लागला. क्लच दाबला, सुरू झाली. आप्पा मोठ्याने हसले.

"शाणी हाय की गं! सोताहून निजती, सोताहून उठती. आणि मी हिलाच चोर समजत हुतो."

"मला चोर समजत होतात," मी म्हटलं.

"तुलाबी," ते म्हणाले. "बस, अंगणाच्या फाटकापर्यंत जाऊन येऊ."

मी शेजारी बसले. त्यांनी क्लच दाबून पहिला गिअर टाकला. मी त्यांच्या पायाकडे बघत नव्हते, मुद्दाम बघत नव्हते, पण त्यांच्या गुडघ्याचं थरथरणं मला शेजारीही जाणवलं. नऊ महिने तो पाय खुर्चीत नुसता पडून होता. डावा पाय हळू सोडायचा तो एकदम सुटला.

गाडीने जोरात आचका दिला. आम्ही दोघं पुढे ढकलले गेलो आणि इंजिन बंद झालं. हिरवा दिवा लागला नाही.

आप्पांनी दोन्ही हात स्टीअरिंगवरून खाली घेतले. मग त्यांनी किल्ली काढली आणि दुसऱ्यांदा माझ्या हातात दिली.

"बघ," ते म्हणाले. "ही पाडली."